पडदा काळा झाला तेव्हा

आमच्या घरात आप्पांना कुणी हाक मारत नसे. त्यांना बोलवायचं असलं की आम्ही दिवा घालवायचो आणि परत लावायचो. थेरगावातल्या त्या पत्र्याच्या खोलीत एकच बल्ब होता आणि त्याचं बटण दाराच्या चौकटीला होतं. मी अभ्यास करत असले की मायचा हात बटणाकडे जाताना दिसायचा, मग डोळ्यांपुढे क्षणभर अंधार आणि पुन्हा उजेड. तोवर आप्पांनी मान वळवलेली असायची. दिवसा दिव्याचा उपयोग नसे. तेव्हा माय लोखंडी कॉटच्या पायावर उलथणं आपटायची, आणि त्याची थरथर कॉटवर बसलेल्या आप्पांच्या पाठीपर्यंत पोचायची. "भाकरी झालीया, उठा," असं ती त्यांच्या तोंडासमोर जाऊन सांगायची, सावकाश, ओठ उघडून. बाहेरचं कुणी आलेलं असलं तर हे काही करायचं नाही, असा नियम होता. मग मी सहज गेल्यासारखी जाऊन त्यांच्या दंडाला हात लावायची. लोकांना वाटायचं, लेक बापाची फार लाडकी आहे. होतेच मी लाडकी, पण हात लावण्याचं कारण ते नव्हतं.

आप्पा चाकणजवळच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट जिथे पत्र्यातून दाबून काढतात तो विभाग. ते सांगायचे की प्रेस खाली आला की आधी पायाच्या तळव्यांना कळतं, मग पोटाला, आणि सगळ्यात शेवटी कानाला. कानात घालायला फोमचे बोळे मिळत, पण ते घातले तर डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनची घंटा ऐकू येत नाही म्हणून निम्मे लोक ते खिशात ठेवत. आप्पाही त्या निम्म्यांतले. त्यांचं ऐकणं एका दिवसात गेलं नाही. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली, आणि माय हसून म्हणाली, "यांचं ध्यानच नाही घरात." मग माणसांचे शब्द मागून पुसल्यासारखे जाऊ लागले. वाक्याची सुरुवात ऐकू यायची आणि शेवट नाही, म्हणून आप्पा अर्ध्यावरच "बरं बरं" म्हणायला लागले. मी उदगीरला मामाकडे राहून सातवीपर्यंत शिकले आणि मग इकडे आई-वडिलांकडे आले. आले तेव्हा एवढंच लक्षात आलं की आप्पा पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलतात आणि कमी बोलतात. का ते मायनं मला पहिल्याच आठवड्यात, नळावर रांगेत उभं असताना, दुसरीकडे बघत सांगितलं. "आन् कुठं बोलू नकोस," म्हणाली. "पर्मनंट व्हईपर्यंत."

पर्मनंट. तो शब्द आमच्या वस्तीत देवाच्या नावासारखा घेतला जायचा. लातूर, बीड, धाराशिव, वाशीमकडून आलेली आमच्यासारखी घरं तिथे ओळीनं राहत होती, आणि जवळजवळ प्रत्येक घरातला बाप कुठल्या तरी ठेकेदाराकडून कंपनीत जात होता. ठेकेदाराचा माणूस कधीही काढता येतो. पर्मनंट माणसाला काढता येत नाही, त्याला दवाखाना असतो, त्याच्या मुलांना शिकायला मदत मिळते, त्याच्या बायकोला घरमालकीण "अहो" म्हणते. आप्पांचं नाव त्या वर्षी यादीत येणार, असं सगळे सांगत होते. दिवाळीनंतर यादी लागायची होती. काम चांगलं होतं, खाडे नव्हते, आणि त्यांचे सुपरवायझर, माने साहेब, त्यांना मानत होते. राहिलं होतं ते फक्त कानांचं. त्यासाठी आम्ही तिघं आणि त्यांच्याच प्रेसवर काम करणारे बाळूकाका, अशी चार माणसं मिळून रोज एक नाटक करत होतो. क्रेन आली की बाळूकाका आप्पांच्या पाठीवर थाप मारायचे आणि वर एक शिवी द्यायचे, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, दोस्तांची मस्करी चालली आहे.

आज मी शाळेत शिकवते. वर्गात एखादा मुलगा हाक मारल्यावर लगेच वळला नाही तर दुसरे शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. मी आधी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. पण ते पुढचं.

त्या खोलीतल्या आवाजांची मला अजून एकेकदा आठवण येते, बहुधा यासाठी की ते आप्पांच्या वाट्याचेही मीच ऐकत होते. स्टोव्हची भरभर, शेजारच्या खोलीतला रेडिओ, पत्र्यावर चालणारी मांजर, डांगे चौकाकडून येणारा कंपन्यांच्या बसगाड्यांचा हॉर्न. माय ज्वारीची भाकरी थापायची त्याची एक लय होती. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटताना ती दर घावाबरोबर आप्पांकडे बघायची, कारण खाली जमिनीला धक्का बसला की ते खूश व्हायचे. "चटणी व्हय?" विचारायचे. एवढंच एक काम त्यांना न बघता ओळखता यायचं. आमची घरमालकीण थेरगावची जुनी, सगळे तिला नानी म्हणायचे. तिच्या लहानपणी पवना नदीत तळ दिसायचा म्हणे. आम्ही पाहिली ती नदी जलपर्णीनं भरलेली, इतकी हिरवीगार की दुरून क्रिकेटचं मैदान वाटावं, आणि जवळ गेलं की नाकाला पदर. नानी ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करायची, आणि आप्पांवर तिचा राग होता. "व्हय गं," ती मला म्हणायची, "तुजा बाप लई मिजासीचा हाय का? मी हाक मारती तर मान बी वळवीत न्हाई. भाडं येळंवर देतो म्हून काय राजा झाला?" मी म्हणायची, नानी, ते विचारात असतात. "विचार कसला करतोय एवढा? आमाला बी सांग म्हनावं." माय आतून हे ऐकायची आणि ओठ दाबून भाकरी उलटायची. नवरा मिजासखोर म्हटलेला तिला चालत होता. बहिरा म्हटलेला चालणार नव्हता.

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी बायका-मुलांना आत नेतात, म्हणून ती आमची वर्षातली एकमेव सहल. मायनं ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली, माझ्या वेणीला अबोलीचा गजरा माळला, आणि आम्ही डांगे चौकातून कंपनीच्या बसमध्ये बसलो. बस भोसरी, मोशी करत चाकणच्या रस्त्याला लागली. आप्पा खिडकीशी बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि दर चौकात हात पुढे करून मला काहीतरी दाखवत होते. ते मोठ्यानं बोलत होते आणि सगळी बस ऐकत होती. त्या दिवशी सणाचा उत्साह म्हणून ते खपून गेलं.

कंपनीत सगळं थांबलेलं होतं. मी पहिल्यांदाच ते प्रेस बघितले, दुमजली घराएवढे, आणि प्रत्येकाला झेंडूचं तोरण, खाली हळदीकुंकवाची बोटं, उदबत्ती. आप्पांनी आपल्या प्रेसपुढे नारळ फोडला आणि पायरीवर डोकं टेकवलं. मायनंही टेकवलं. त्या यंत्रानं घरातून काय नेलं होतं ते तिला ठाऊक होतं, तरी तिनं पदर डोक्यावर घेऊन मनोभावे हात जोडले, आणि उठताना माझ्याकडे बघून म्हणाली, "खायला बी हाच घालतोय की." त्या वर्षी वेल्डिंगच्या विभागात नवे रोबो आले होते, नारिंगी रंगाचे, लांब मानेचे. एका तरुण इंजिनिअरनं त्यातल्या एकाला शिकवून ठेवलं होतं. मुलं जवळ आली की तो मान वर करून टाटा करायचा. गळ्यात झेंडूची माळ असलेलं ते यंत्र टाटा करताना पाहून पोरं किंचाळत होती. आप्पांनीही त्याला टाटा केला. बाळूकाका म्हणाले, "कर बाबा, ओळख ठेव. उद्या तुझ्या जागी आला तर डबा तरी वाटून खाईल." हे त्यांनी आप्पांच्या समोर येऊन, तोंड नीट उघडून म्हटलं, म्हणून आप्पांना कळलं आणि ते पोट धरून हसले.

त्या रोबोंच्या कौतुकानंच, मला वाटतं, कुणाच्या तरी डोक्यात आलं की मुलांना रोबोंचाच सिनेमा दाखवावा. कॅन्टीनच्या खिडक्यांना काळी ताडपत्री लावली, भिंतीवर पांढरी चादर ताणली, मधल्या टेबलावर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि स्पीकर ठेवले, आणि सतरंजीवर आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो. साहेब लोकांना मागे खुर्च्या होत्या. माय आणि आप्पा मला मध्ये घेऊन बसले. सिनेमा बघण्याची आमची एक पद्धत होती, टीव्हीवर सरावानं पक्की झालेली. माझा हात आप्पांच्या गुडघ्यावर असायचा. लोक हसले की मी एकदा दाबायची आणि आप्पा हसायचे. गाणं लागलं की बोटांनी ताल धरायची, आणि ते मान डोलवायचे. त्यांचं हसणं इतरांच्या हसण्यामागून थोडं उशिरा यायचं, पण कोण लक्ष देतं.

सिनेमाचं नाव मला आठवत नाही. चित्रांचा होता, परदेशी होता, आणि त्यात कुणी बोलतच नव्हतं. एका कोरड्या पडलेल्या जगात एक धरण असतं, पाण्याचा थेंब नसलेलं, आणि त्या धरणाचा दरवाजा सांभाळायला एक रोबो असतो. टाकीसारखं पोट, बदकासारखे पाय. माणसं कधीच निघून गेलेली असतात, पण त्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो रोज सकाळी चाक फिरवून दरवाजा उघडतो आणि संध्याकाळी लावतो. एक दिवस वाऱ्याबरोबर दुसरी एक रोबो येते, पतंगासारखी हलकी, ढग शोधायला पाठवलेली. तिला ढग कुठेच सापडलेले नसतात. ती त्याच्या चाकावर बसते, तो चाक फिरवतो, ती गोल फिरते. बस, एवढंच त्यांचं प्रेम. पण सगळं कॅन्टीन त्यावर हसत होतं. तेव्हा एक गोष्ट झाली. मी आप्पांचा गुडघा दाबला, आणि त्यांनी माझा हात हलकेच उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "राहू दे," ते म्हणाले, आणि आश्चर्य म्हणजे हळू म्हणाले. "कळायलंय की मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. ते लोकांबरोबर हसत होते, आधी नाही, नंतर नाही, बरोबर. पतंगरोबो पुन्हा ढग शोधायला निघून जाते तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका हळहळल्या आणि त्याच क्षणी आप्पांच्या तोंडून "च्च" निघालं. मायनं माझ्या डोक्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा तसा मी फार वेळा पाहिलेला नाही. कितीतरी काळानंतर तिचा नवरा चारचौघांत बसून चारचौघांसारखा एक गोष्ट बघत होता.

ती गेल्यावर तो रोबो वाट बघतो. तिच्यासाठी चाक पुसून ठेवतो. मग धुळीची वादळं येतात, त्याच्या पाठीवरची उन्हावर वीज करणारी पाटी धुळीनं झाकली जाते, त्याच्या डोळ्यातला दिवा मंद होत जातो. तो दरवाजा उघडा ठेवून खाली बसतो. दिवा पिवळा होतो, तांबडा होतो, आणि विझतो. सगळा पडदा काळा.

ताडपत्रीमुळे कॅन्टीनमध्ये बोट डोळ्यांत घातलं तरी दिसत नव्हतं. पोरंसुद्धा गप्प झाली. त्या अंधारात फार लांबून एक थेंब पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पत्र्यावर पडावा तसा दुसरा थेंब. मग तिसरा, चौथा, आणि त्यांच्यामागून, दगडांमधून काहीतरी सरपटत यावं तसा, पाण्याचा खळखळाट, जवळ, आणखी जवळ. मागे एक बाई श्वासातच म्हणाली, "पाणी आलं गं बाई." मी डोळे मिटून घेतले होते, अंधार असूनही.

"लाईट गेली!" आप्पा ओरडले.

ते उठून उभे राहिले होते. "बसा, बसा, कुनी उठू नका. लेकरं सांभाळा. मी बघतो!" आमच्या चाळीत वीज गेली की फ्यूज बघायला आप्पाच जायचे, आणि घरात तर दिवा गेला की त्याचा अर्थच असा होता की तुम्हाला बोलावलंय. ते अंधारात लोकांच्या खांद्यांना हात लावत, "सरका, सरका," म्हणत टेबलाकडे निघाले. डोक्यावर पंखे गरगरत होते. पंखे चालू आहेत म्हणजे वीज गेलेली नाही, हे आम्हा सगळ्यांना कानांनी कळत होतं. मी त्यांचा शर्ट धरायला हात पुढे केला, तो रिकामा परत आला. मायनं "आवं" म्हटलं. त्या "आवं"चा काय उपयोग होता?

त्यांचा हात सरावाचा. अंधारात त्यांनी वायर शोधली आणि पिन ओढली. खळखळाट मध्येच तुटला.

आधी हशा पिकला. "अवो जाधव, पिक्चरच तसा हाय!" "अय भावा, पानी बंद केलंस की रं!" पोरं शिट्ट्या मारू लागली. आप्पा त्या सगळ्या आवाजाच्या मधोमध पिन हातात घेऊन, ती शर्टाला पुसत, मोठ्यानं सांगत होते, "आता येतंय, आता येतंय, सैल झाल्ती जरा." माने साहेब खुर्चीतून उठून त्यांच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. "जाधव, राहू द्या," ते म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "जाधव, राहू द्या." हातभर अंतरावरून. कुणीतरी दिवे लावले. आप्पा हसऱ्या चेहऱ्यानं पिन बसवत होते आणि साहेब त्यांच्या मानेकडे बघत होते. बाळूकाका धावत आले, पाठीवर थाप मारली, शिवी दिली, नेहमीसारखी. पण ती थाप या वेळी साहेबांनी पाहिली, आणि थापेबरोबर वळलेली मानही पाहिली. हसणारे एकेक करून थांबत गेले. आप्पांनी सगळ्यांची तोंडं बघितली. मग आमच्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

"चला," माय म्हणाली. ती माझा हात धरून उभी राहिली, आणि वाटेत आप्पांच्या दंडाला हात लावून त्यांना घेऊन बाहेर पडली. उघडपणे, सगळ्यांसमोर. मागे सिनेमा परत सुरू झाल्याचं ऐकू आलं, आता त्यात संगीत होतं. दाराशी एक माणूस समोसा आणि पेढ्याचं पाकीट वाटत उभा होता. मायनं घेतलं नाही. तीन पाकिटं पुढे केलेला त्याचा हात मला अजून दिसतो. बस सुटायला अवकाश होता म्हणून आम्ही रिकाम्या बसमध्ये बसून राहिलो. आप्पा एकदाच बोलले. "पंखं चालू व्हते का?" मी मान हलवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. कंपाउंडच्या पलीकडच्या शेतात जेसीबी माती काढत होता.

सणाच्या नंतरच्या रविवारी माने साहेब मोटारसायकलवरून आमच्या घरी आले. साहेब कधी वस्तीत येत नसतात. नानी ओट्यावरून उठून उभी राहिली. आप्पा नळावर होते, आमच्याकडे पाठ करून हंडा भरत होते. साहेब दारात उभे राहून त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यांनी हाक मारून पाहिली नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. नानी आणि निम्मी चाळ बघत होती, आणि साहेबांना हाक मारून पाहता आली असती.

"वहिनी," ते मायला म्हणाले, "कधीपासून?"

"कशाचं, साहेब?"

"मला शिव्या द्या, पण खोटं नका बोलू. माझ्या डोक्यावरून क्रेन जाते, त्याच्या डोक्यावरूनही जाते. मला घंटा ऐकू येते."

माय स्टोव्हसमोर बसलेली होती. ती उठली नाही. "यादी लागूपस्तोर थांबा की, साहेब. एवढं एक करा. मग काय करायचं ते करा. लेकरू शिकायलंय."

"यादीच्या आधी मेडिकल तपासणी असते."

"बोलनं कळतंय त्यांना. समोरून बोललं की सगळं कळतंय."

"प्रेस समोरून बोलत नाही, वहिनी." साहेब उंबऱ्यावर टेकले, चप्पल न काढता, जाणाऱ्या माणसासारखे. "उद्या क्रेनवरून एखादा दरवाजा सुटला, आणि तो वर न बघता उभा राहिला, तर मी इथे येऊन तुम्हाला काय सांगायचं? ते सांगायला येण्यापेक्षा आज आलोय."

माय आता उठली. तिनं चहा ठेवला, कारण घरी आलेल्या माणसाला चहा विचारतात. पण तो तिनं नेऊन दिला नाही. माझ्या हाती कप दिला. साहेबांनी तो पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला, आणि मला विचारलं, "कितवीला?" दहावीला, म्हटलं. "शिक," म्हणाले. मग नळाकडे गेले, आप्पांच्या समोर जाऊन उभे राहिले, आणि दोघं बराच वेळ बोलले. म्हणजे साहेब बोलले. आप्पा "बरं बरं" म्हणत होते, आणि हंडा भरून वाहत होता.

त्या दिवसापासून नानी आप्पांना हाक मारायची थांबली. ती आता ओट्यावरून उतरून त्यांच्या पुढ्यात जायची आणि हातवारे करून, ओरडून बोलायची, लहान पोराशी बोलावं तसं. तिच्या मनात माया होती, हे मला कळत होतं. पण मिजासखोर म्हणायची तेच बरं होतं, असं माय म्हणायची.

साहेबांनी शब्द टाकून आप्पांना त्याच कंपनीच्या बागकामाच्या ठेकेदाराकडे लावून दिलं. कंपन्यांना हद्दीच्या कडेनं झाडांचा पट्टा राखावा लागतो. तिथे कडुलिंब, करंज, बहावा लावलेले होते, आणि कंपनीत वापरलेलं पाणी साफ करून त्यांना सोडत. आप्पांनी ती झाडं जगवायची. घरात दिवा घालवण्या-लावण्याचं आमचं चालूच राहिलं, फक्त आता पाहुण्यांदेखतही. यादी लागली तेव्हा बाळूकाका पर्मनंट झाले. ते पेढे घेऊन आले आणि आप्पांच्या गळ्यात पडून इतके रडले की शेवटी आप्पांनाच त्यांची समजूत घालावी लागली. मी शिकले. मायनं घरकामं धरली, माने साहेबांनी अकरावीची पुस्तकं पाठवली, चिंचवडच्या कॉलेजातल्या बाईंनी मला ग्रंथालयात काम दिलं. या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी मान्य करते. पण आमच्या घरात पुन्हा कुणी सिनेमा लावला नाही. टीव्हीसमोर आप्पा बसायचे ते बातम्यांपुरते, आणि मी गुडघ्यावर हात ठेवला तर उठून बाहेर जायचे.

पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी तडक चाकणला गेले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत ती पहिली पदवी. पट्टा कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला होता, त्यामुळे गेटवर कुणाला विचारायची गरज नव्हती. आप्पा एका कडुलिंबाच्या आळ्यात पाईप सोडून उकिडवे बसले होते. पाण्याला साबणासारखा वास होता आणि वर बारीक फेस धरत होता. काही झाडं चांगली डोक्याएवढी झाली होती, काही नुसत्या काटक्या. मी समोर जाऊन बसले आणि कागद दाखवला. त्यांनी हात शर्टाला पुसले, कागद दोन्ही हातांत धरला, वाचता येत नव्हता तरी खालपर्यंत नजर नेली. "झालं म्हन की," म्हणाले. डोळे पुसले. मग कागद माझ्याकडे देऊन पाण्याकडे बघत बसले. रस्त्यावरून ट्रेलर जात होते, नव्या मोटारी लादलेले. मला वाटलं आता ते मायबद्दल विचारतील, नाहीतर नोकरीबद्दल.

"त्या पिक्चरमधी," आप्पा म्हणाले, "अंधार झाला तवा काय झाल्तं?"

इतक्या वर्षांत त्या दिवसाचा एक शब्द घरात निघाला नव्हता. मी त्यांच्या समोर सरकले, ओठ नीट दिसावेत म्हणून.

"पाणी आलं होतं, आप्पा. धरणात."

"तू बघितलंस?"

"नाही. दिसत नव्हतं काही. नुसता आवाज होता."

"म्हंजे मेला नव्हता त्यो."

"नाही."

"मला वाटलं, बंद पडला. म्या वायर वढली आन् तिथंच ऱ्हायला." त्यांनी आळ्यातली माती बोटानं जरा सारखी केली. "आन् सगळी गप का बसल्ती?"

"ऐकत होते."

"अस्सं," आप्पा म्हणाले. मी पाईपवर हात ठेवला होता, पाणी आतून थरथरत जात होतं. त्यांनी माझा हात बाजूला केला, पाईप उचलला, आणि पुढच्या झाडाच्या आळ्यात नेऊन टाकला.